माझगाव

माझगाव हा मुंबई शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील एक जुना भाग आहे. ज्या सात बेटांपासून आजची मुंबई घडली, त्यांपैकी माझगाव हे एक बेट होते. उत्तरेस परळ, पश्चिमेस भायखळ्याची सखल दलदलीची जमीन, दक्षिणेस उमरखाडी आणि पूर्वेस मुंबई बंदराचे शांत पाणी अशा त्याच्या स्थूलमानाने चतुःसीमा होत्या. कोळ्यांची वस्ती, पोर्तुगीज जहागीर, आरमाराचा तळ, धनिकांच्या बंगल्यांचे उपनगर, गोदीकामगारांची दाट वस्ती आणि युद्धनौका बांधणारे केंद्र अशा अनेक अवस्थांतून हे गाव गेले. शहराच्या विस्तारात ते पूर्णपणे सामावले गेले. मुंबई बंदराची वाढ होत असताना समुद्रात भराव घालून किनारा पूर्वेकडे सरकवण्यात आला. त्यामुळे ज्या गावाला बंदरामुळे महत्त्व आले, त्याच गावातील जुन्या वस्त्या समुद्रापासून दूर गेल्या. माझगावच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा बदल होय.

नावाची व्युत्पत्ती

माझगाव या नावाच्या वेगवेगळ्या व्युत्पत्ती सांगितल्या जातात. ‘मत्स्यग्राम’ किंवा ‘मच्छगाव’ या शब्दापासून हे नाव आले असे एक मत आहे. येथील मूळ रहिवाशांचा मासेमारीचा व्यवसाय पाहता ते अनेकांना पटते. ‘माझे गाव’ अशी सरळ फोडही लोकांच्या तोंडी आहे. ‘माझघर’ या शब्दातील ‘मधला’ या अर्थाशीही काही जण या नावाचा संबंध जोडतात. पोर्तुगीज आणि इंग्रज कागदपत्रांत या नावाची अनेक रूपे आढळतात. मराठीत मात्र ‘माझगाव’ हे रूप स्थिर झाले आहे.

भूरचना आणि मूळ वस्ती

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही मुंबईची सात बेटे होत. भरतीच्या वेळी त्यांच्यामधील खाड्या पाण्याने भरत आणि ओहोटीला चिखल उघडा पडे. ओहोटीच्या वेळी ही दलदल पायी ओलांडणे शक्य होई. पाय धुण्याच्या जागेवरून पडलेले ‘पायधुणी’ हे नाव त्या काळाची आठवण आजही देते. माझगाव आणि मुंबई बेट यांच्यामधील खाडी म्हणजे उमरखाडी. खाडी केव्हाच बुजली, परंतु वस्तीचे नाव तेच राहिले.

बेटावर कोळी, आगरी आणि भंडारी या समाजांची वस्ती होती. मासेमारी, मीठ, भातशेती आणि ताडामाडाच्या बागा ही त्यांच्या उपजीविकेची साधने होती. बेटाच्या पूर्व बाजूस समुद्राला लागून टेकडी असल्याने तेथून बंदरात येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवता येत असे. हीच आज भंडारवाडा टेकडी म्हणून ओळखली जाते. खुल्या अरबी समुद्राकडे पाठ आणि मुख्य भूमीकडे तोंड अशा स्थानामुळे पावसाळ्यातही येथे जहाजांना आसरा मिळे. माझगावच्या पुढील इतिहासाचे मूळ या नैसर्गिक सोयीत आहे.

पोर्तुगीज काळ

२३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या वसईच्या तहानुसार गुजरातच्या सुलतानाने मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली. पोर्तुगीजांनी ही बेटे आपल्या सरदारांना व अधिकाऱ्यांना सेवेच्या मोबदल्यात वाटून दिली. माझगाव हे अशा जहागिरींपैकी एक होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते डिसोझा ई लिमा या घराण्याकडे आले. जहागीरदाराने सारा गोळा करावा, ठरलेला वाटा राजाला द्यावा आणि गरज पडल्यास शिपाई पुरवावेत अशी ही व्यवस्था होती.

या काळात येथील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे वंशज आज ‘ईस्ट इंडियन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजात गणले जातात. धर्म बदलला तरी त्यांची बोली, खाद्यसंस्कृती आणि लग्नाच्या अनेक रीती या किनाऱ्याशी जोडलेल्या राहिल्या. १६३२ मध्ये डिसोझा घराण्याने दिलेल्या जागेवर ग्लोरिया चर्च उभे राहिले. सुमारे पावणेतीनशे वर्षे ते माझगावची ठळक खूण होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी ते पाडण्यात आले आणि त्याच नावाचे नवे चर्च भायखळा येथे बांधण्यात आले. म्हणून आज ग्लोरिया चर्च पाहण्यासाठी माझगावला नव्हे, तर भायखळ्याला जावे लागते.

इंग्रजी अंमल आणि सिद्दीची स्वारी

२३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला व त्यात मुंबई इंग्रजांना देण्याचे ठरले. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला. १६६८ मध्ये राजाने हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला.

त्यानंतरच्या दशकात माझगाव मराठे, सिद्दी आणि इंग्रज यांच्यातील संघर्षाच्या केंद्रस्थानी आले. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारी सरदार होता. पावसाळ्यात आपल्या गलबतांना आसरा मिळावा म्हणून त्याचे आरमार माझगावच्या किनाऱ्यावर येऊन राहत असे. या तळाचा उपयोग समोरच्या मराठी मुलुखाला उपद्रव देण्यासाठी होतो, ही मराठ्यांची तक्रार होती. सिद्दीला हाकलावे तर मोगलांचा रोष आणि सुरतेच्या व्यापाराची हानी. ठेवावे तर छत्रपती शिवाजी महाराजांशी वैर, अशा पेचात कंपनी सापडली होती. माझगावचे रहिवासीही सिद्दीच्या शिपायांच्या दांडगाईला कंटाळले होते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी आणि मोगल बादशहा औरंगजेब यांच्यात युद्ध पेटले. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खान याने शिवडी येथे सैन्य उतरवले आणि तेथून माझगावचा किल्ला घेतला. हा लहानसा किल्ला इंग्रजांनी सुमारे १६८० मध्ये भंडारवाडा टेकडीवर बांधला होता. सिद्दीने त्याला आपला तळ बनवून मुंबईच्या मुख्य किल्ल्याला वेढा घातला. अखेर कंपनीने बादशहाकडे माफी मागून दंड भरण्याचे मान्य केले. जून १६९० मध्ये सिद्दीने बेट सोडले, परंतु जाताना माझगावचा किल्ला उद्ध्वस्त केला. त्यानंतर तो पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही.

बंगल्यांचे उपनगर

अठराव्या शतकात मुंबईच्या तटबंदीच्या आतील वस्ती दाट झाली. तेव्हा कंपनीचे अधिकारी आणि श्रीमंत व्यापारी मोकळ्या हवेसाठी तटाबाहेर बंगले बांधू लागले. बंदराचे दर्शन, टेकडीवरची हवा आणि आंबराया यांमुळे माझगावला त्यांची विशेष पसंती मिळाली. अशा बंगल्यांपैकी ‘बेल्व्हेडिअर हाउस’ विशेष प्रसिद्ध आहे. इंग्रज कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न याचा जिच्याशी पत्रव्यवहार होता ती एलिझा ड्रेपर येथे राहत असे. १७७३ मध्ये ती याच घरातून पतीला सोडून एका नौदल अधिकाऱ्याच्या मदतीने पळून गेली. या घटनेमुळे माझगावचे नाव इंग्रजी साहित्याच्या इतिहासातही आले.

माझगावचे आंबेही नामांकित होते. येथील काही झाडांना वर्षातून दोनदा फळ येई, अशी त्यांची ख्याती होती. आयरिश कवी टॉमस मूर याने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लाला रूख’ या काव्यात माझगावच्या आंब्याचा उल्लेख आहे. मूर स्वतः कधी भारतात आला नव्हता. यावरून या फळाची कीर्ती किती दूर पोहोचली होती हे लक्षात येते. आज त्या आंबरायांच्या जागी इमारती, गोदामे आणि रस्ते आहेत.

एकोणिसाव्या शतकात निझारी इस्माइली पंथाचे प्रमुख पहिले आगाखान इराणमधून येऊन मुंबईत स्थायिक झाले. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफन माझगाव येथे करण्यात आले. हसनाबाद या नावाने ओळखली जाणारी त्यांची समाधी येथील एक देखणी वास्तू आहे.

बेटापासून शहराच्या विभागापर्यंत

माझगाव मुंबईत विलीन झाल्याची एक निश्चित तारीख देता येत नाही. ही प्रक्रिया दीडशे वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिचे तीन टप्पे दिसतात.

पहिला टप्पा जमिनीचा होता. अठराव्या शतकात खाड्यांवर बांध घालून पाणी अडवण्याची कामे झाली. त्यांपैकी महालक्ष्मीजवळचा हॉर्नबी वेलार्ड हा बांध सर्वांत महत्त्वाचा होय. त्यामुळे पश्चिमेकडून आत शिरणारे भरतीचे पाणी थांबले आणि भायखळ्याची दलदल हळूहळू कोरडी झाली. उमरखाडीही बुजली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सातही बेटे एकसंध झाली होती.

दुसरा टप्पा प्रशासनाचा होता. मुंबईचा नागरी कारभार पालिकेकडे आला तेव्हा माझगाव तिच्या हद्दीतच होते. वांद्रे, कुर्ला यांसारखी उपनगरे स्वातंत्र्यानंतर महापालिकेत आली. माझगावला मात्र स्वतःची वेगळी नगरपालिका कधीच मिळाली नाही. सध्या हा भाग बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या ई विभागात मोडतो. जमिनीच्या सरकारी नोंदींमध्ये ‘माझगाव विभाग’ हे नाव अजूनही कायम आहे.

तिसरा टप्पा समुद्राचा होता आणि गावाच्या दृष्टीने तोच सर्वांत दूरगामी ठरला.

बंदराचा विस्तार आणि किनाऱ्याचे स्थलांतर

१८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला मोठी मागणी आली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपचा सागरी मार्ग जवळ आला. वाढत्या व्यापारासाठी १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाला. या दोन्ही गोद्या माझगावच्या दक्षिणेस लागून आहेत. प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना समुद्रतळाखाली गाडल्या गेलेल्या झाडांचे बुंधे सापडले. या किनाऱ्याची जमीन प्राचीन काळी खचली असावी, याचा तो महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

यानंतर पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी या पट्ट्यात भराव घालण्याचे काम हाती घेतले. १९०८ ते १९१२ या काळात झालेल्या या कामातून सुमारे ५८३ एकर नवी जमीन निर्माण झाली. तिच्यावर धान्याची कोठारे, कापसाची गोदामे, रेल्वेचे रूळ आणि धक्के उभारण्यात आले. १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. व्यापाराच्या दृष्टीने हे काम फार मोठे होते. परंतु जुना किनारा आणि नवे पाणी यांच्यामध्ये आता पोर्ट ट्रस्टच्या मालकीचा, कुंपणांनी आणि भिंतींनी बंद केलेला पट्टा आला. ज्या वस्त्यांच्या दारापर्यंत पूर्वी भरती येत असे, त्यांना समुद्र पाहण्यासाठी गोदामे आणि रूळ ओलांडावे लागू लागले. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना होड्या लावण्याच्या जागा नव्या धक्क्यांवर शोधाव्या लागल्या.

हार्बर मार्गावरील लोहमार्गानेही हीच सीमा अधिक ठळक केली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विजेवर चालणारी प्रवासी गाडी धावली. तिचा मार्ग माझगावातून जात होता. येथील स्थानकाला मात्र गावाचे नाव न मिळता ‘डॉकयार्ड रोड’ हे नाव मिळाले. त्यामुळे मुंबईच्या लोकल गाड्यांच्या नकाशावर माझगाव हे नाव कोठेही दिसत नाही.

माझगाव गोदी

माझगावात १७७४ मध्ये एक लहान सुकी गोदी बांधण्यात आली. सुकी गोदी म्हणजे दरवाजा बंद करून आतील पाणी काढून टाकता येईल असा खोल हौद. जहाज आत घेऊन पाणी काढले की त्याच्या तळाची दुरुस्ती करता येते. प्रारंभी येथे मुख्यतः दुरुस्तीचे काम चाले. पुढे ब्रिटिश जहाज कंपन्यांकडे तिची मालकी आली आणि १९३४ मध्ये तिचे खासगी मर्यादित कंपनीत रूपांतर झाले.

१९६० मध्ये भारत सरकारने ही गोदी ताब्यात घेतली. त्यानंतर तिचे स्वरूप पालटले. येथे बांधलेली ‘आयएनएस निलगिरी’ ही युद्धनौका ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेल्या पहिल्या मोठ्या आधुनिक युद्धनौकांमध्ये तिची गणना होते. १९९२ मध्ये नौदलात आलेली ‘आयएनएस शाल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी होय, तीही माझगावचीच. ‘आयएनएस दिल्ली’, ‘आयएनएस कोलकाता’, ‘आयएनएस विशाखापट्टणम’ या विनाशिका आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात आलेली ‘आयएनएस कलवरी’ ही पाणबुडी याच गोदीत तयार झाल्या. माझगावचे नाव आज देशभर पोहोचते ते प्रामुख्याने या गोदीमुळे.

समाजजीवन

गोद्या आणि गोदामे वाढली तशी कामगारांची वस्ती वाढली. कोकण, घाटमाथा, गुजरात आणि उत्तर भारत येथून आलेली कुटुंबे चाळींत राहू लागली. धनिकांनी मलबार हिलकडे मुक्काम हलवला आणि बंगल्यांचे उपनगर कामगारांचे झाले. जहाजांवरील नोकऱ्यांमुळे चिनी लोकांचीही एक छोटी वस्ती येथे निर्माण झाली. १९१९ मध्ये बांधलेले त्यांचे ‘सी यप कून’ हे मंदिर नवाब टँक मार्गावर आजही आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकाइन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्यावर दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेला होता. आग आसपासच्या गोदामांत आणि वस्त्यांत पसरली. शेकडो माणसे मरण पावली आणि हजारो बेघर झाली. आग विझवताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. बंदराच्या जवळ राहण्याची केवढी किंमत वस्तीला द्यावी लागू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

माथारपाखाडी आणि जोसेफ बाप्टिस्टा

जुन्या माझगावचे स्वरूप सर्वाधिक टिकून राहिले ते माथारपाखाडी या वस्तीत. ‘पाखाडी’ हा कोकणात परिचित असलेला शब्द आहे. दगडी पायवाट किंवा तिच्या कडेची वस्ती असा त्याचा अर्थ होतो. अरुंद गल्ल्या, लाकडी जिने, बाहेर आलेल्या सज्जांची कौलारू घरे आणि मधोमध क्रूस अशी या वस्तीची रचना आहे. तिची गणना मुंबईच्या वारसा परिसरांत होते. तरीही जुन्या घरांची दुरुस्ती खर्चिक आहे आणि जमिनीच्या वाढत्या किमतींमुळे पुनर्बांधणीचा दबाव सतत असतो.

स्वातंत्र्य चळवळीतील नेते जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी याच वस्तीत झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी आणि वकील होते. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष होत. कामगार चळवळीतही त्यांनी मोठे काम केले आणि १९२० मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत भाग घेतला. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

भंडारवाडा टेकडीवर, जेथे पूर्वी किल्ला होता, तेथे १८८४ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी जलाशय बांधण्यात आला. त्यावरील उद्यानाला बाप्टिस्टा यांचे नाव देण्यात आले आहे. सिद्दीच्या गलबतांवर जेथून नजर ठेवली जाई, त्या टेकडीवरून आज गोदीतील क्रेन, बांधणी चालू असलेल्या नौका आणि त्यांच्या पलीकडे बंदराचे पाणी दिसते.

टिकून राहिलेली स्थलनामे

माझगावचा पुसला गेलेला भूगोल स्थलनामांतून वाचता येतो. तोफांची दारू जेथे तयार होई व साठवली जाई ते दारूखाना आता भंगार व लोखंडाच्या व्यापारासाठी आणि जहाजे मोडण्याच्या कामासाठी ओळखले जाते. लाकडी बंदर हे नाव लाकडाच्या व्यापाराची आठवण देते. माझगाव कोळीवाडा हे नाव मूळ रहिवाशांची साक्ष देते.

भाऊचा धक्का हे याच प्रकारातील सर्वांत परिचित नाव होय. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी प्रवाशांच्या सोयीसाठी मूळ धक्का बांधला. बंदर वाढले तसे धक्क्याचे स्थान बदलले, पण नाव बदलले नाही. आजचा भाऊचा धक्का माझगावच्या भरावाच्या जमिनीवर आहे. कोकणात जाणाऱ्या बोटींमुळे हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. रस्ते झाल्यावर ती बोटसेवा बंद पडली. मोरा, रेवस येथे जाणाऱ्या लाँच आणि २०२० मध्ये सुरू झालेली मांडव्याची रो-रो सेवा येथून चालते. मासळीचा मोठा बाजारही येथेच भरतो.

सद्यःस्थिती

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर मालवाहतुकीचा मोठा भाग तिकडे गेला. माझगावच्या भरावाच्या जमिनीवरील अनेक गोदामे ओस पडली. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या पूर्व मुक्त मार्गावरील वाहने या पट्ट्यावरून वेगाने पुढे जातात. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी डॉकयार्ड रोड येथे महापालिका कर्मचाऱ्यांची वस्ती असलेली इमारत कोसळून ६१ जणांचा मृत्यू झाला. जुन्या इमारतींच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला.

बंदराच्या वापरात नसलेल्या जमिनीचे काय करावे, हा आता पूर्व किनाऱ्यापुढील प्रमुख प्रश्न आहे. मोकळ्या जागा, सार्वजनिक किनारा, परवडणारी घरे आणि व्यापारी संकुले अशा परस्परविरोधी मागण्या पुढे येतात. शंभर वर्षांपूर्वी भरावामुळे दूर गेलेला किनारा रहिवाशांसाठी पुन्हा खुला होणार का, याचे उत्तर या निर्णयांवर अवलंबून आहे.